आधी ईपी, मग मशीन

कोल्हापुरात तलवारबाजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मर्दानी खेळ येतो. दांडपट्टा, लाठी, शिवजयंतीची मिरवणूक. आमची तलवारबाजी वेगळी. तलवार बोथट आणि लवचीक, अंगावर पांढरं जाकीट, तोंडावर जाळीचा मास्क. मंगळवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी मी पोरांना हा खेळ शिकवतो. बरीच वर्षं आम्ही वार लागला की दिवा लावणाऱ्या मशीनशिवाय खेळलो. वार लागला की नाही, ते नजरेनं ठरवायचं.

पूर्वी जगभर असंच चालायचं. मधे मुख्य पंच आणि चार बाजूंना चार पंच. या खेळात तीन शस्त्रं: ईपी, फॉइल आणि सेबर. विजेचं मशीन ऑलिंपिकमध्ये ईपीला 1936 साली बर्लिनमध्ये आलं, फॉइलला 1956 साली मेलबर्नमध्ये आणि सेबरला थेट 1992 साली बार्सिलोनात. आमच्याकडे पाच पंच कुठले? मी एकटाच. त्यामुळं निम्मा सराव "सर, लागलं की!" आणि "कुठं लागलं? नुसतं घासलं!" यातच जायचा.

भांडणं परवडली असती. खरी अडचण जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेत यायची. ईपीच्या टोकावर 750 ग्रॅमपेक्षा जास्त दाब पडल्याशिवाय दिवा लागत नाही, फॉइलला 500 ग्रॅम. आमच्या पोरांचे वार जागेवर पडायचे, पण हलके. हॉलमध्ये मी गुण द्यायचो, तिथं मशीन द्यायचं नाही. तलवारबाज भवानी देवीनं चेन्नईत सुरुवातीला बांबूच्या काठीवर सराव केला आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचली, हे मी पोरांना नेहमी सांगतो. पण स्पर्धेत दिव्यांसमोर उभं राहायचं, तर त्यांची सवय हॉलमध्येच व्हायला हवी.

पालकांची बैठक घेतली. गोकुळ शिरगावला फाउंड्री चालवणारे एक पालक म्हणाले, "सर, पैशाचं बघू ओ. पण एकदा घेतलं की पोरांची दहावी होईस्तोवर चाललं पायजे." मशीन निवडताना ही अट मी शेवटपर्यंत धरून ठेवली.

बाजारात चौकशी केली तेव्हा तीन प्रकार पुढं आले. नामांकित परदेशी मशीन, देशात बनणारं मशीन आणि कुणीतरी वापरून विकायला काढलेलं मशीन. यातलं वापरलेलं मशीन सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी तेच पाहिलं. दिवे झकास लागत होते, आवाज खणखणीत होता. मी विकणाऱ्याला एकच विचारलं, यातली वेळ कधीची आहे?

या खेळात दोघांचे वार मागंपुढं पडले तर किती वेळापर्यंत दुसरा वार धरायचा, ते मशीनच ठरवतं. ईपीत 40 मिलिसेकंदांच्या आतले दोन्ही वार धरले जातात. 50च्या पुढं गेलं की दुसऱ्याचा दिवा लागतच नाही. फॉइलमध्ये ही मुदत पूर्वी 750 मिलिसेकंद होती, 2005 पासून ती 300च्या आसपास आली. सेबरची त्याच सुमारास 120 झाली आणि 2016 मध्ये 170. म्हणजे जुनं मशीन बिघडलेलं नसलं तरी जुन्याच नियमानं निकाल देतं. त्यावर सराव केलेलं पोर स्पर्धेत गेलं की त्याची लय चुकणार. विकणाऱ्याला वेळ सांगता येईना आणि ती बदलायची सोयही त्यात नव्हती. ते मशीन सोडलं.

बिनतारी संचाचा मोह पोरांना फार. मोठ्या स्पर्धांत ते बघतात ना. पण चांगल्या बिनतारी संचाची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. स्वस्तात मिळतात ते कमरेला लावायचे बझर. त्यांतल्या बऱ्याच बझरना वार अंगावर पडला की समोरच्याच्या तलवारीच्या मुठीपुढच्या वाटीवर, हेच कळत नाही. तारेच्या मशीनमध्ये तिसरी तार वाटीला जोडलेली असते, म्हणून वाटीवरचा वार दिवा लावत नाही. ईपी शिकवायची तर हा फरक सोडून चालत नाही.

देशात बनणारी दोन मशीनं नमुन्याला मिळाली. ती घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांनी नाव कमावलेल्या या भागात वळणावळणावर लेथ, वायंडिंग आणि दुरुस्तीची दुकानं आहेत. ओळखीच्या मेस्त्रींनी विक्रेत्याच्या परवानगीनं दोन्हींची झाकणं उघडली. पहिल्याकडं बघून म्हणाले, "सर, ह्यात चिपवरचं नावच खरवडून काढलंय. जळली तर दुसरी आणू कुठनं?" दुसऱ्यात सुटे भाग बाजारात मिळणारे, फ्यूज बाहेरून बदलता येणारा आणि वीज 12 व्होल्टची. गावातली वीज गेली तर बॅटरीवर चालेल. दिसायला ते ओबडधोबड होतं आणि किंमत थोडी जास्त, पण तिन्ही शस्त्रांच्या वेळा सध्याच्या नियमाप्रमाणं होत्या. तेच घेतलं.

पण मशीन म्हणजे या खर्चाचा एक तुकडा. खेळाडूच्या बाहीतून जाणारी बॉडी वायर, पाठीमागं ओढली जाणारी तार गुंडाळणारी रील, रीलपासून मशीनपर्यंतची केबल, हे सगळं वेगळं. फॉइल आणि सेबरला अंगावर धातूच्या धाग्यांचं लामे जाकीटही लागतं, कारण तिथं ठरावीक भागावरचाच वार मोजतात. ईपीत डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग लक्ष्य, त्यामुळं लामे लागत नाही. शिवाय फॉइल-सेबरमध्ये दोन्ही दिवे लागले की हल्ल्याचा हक्क कुणाचा, ते पंचच सांगतो. ईपीत तो प्रश्नच नाही. दोघांचे दिवे लागले तर दोघांना गुण. एकच माणूस शिकवणार आणि तोच पंच, अशा क्लबात मशीनचा पुरेपूर उपयोग ईपीलाच होतो. म्हणून मशीन तिन्ही शस्त्रांचं घेतलं, तरी लामेसाठी पैसे घातले नाहीत. ते बॉडी वायरींत घातले.

ते बरं झालं, कारण सगळ्यात जास्त तुटतात त्या वायरी. प्लगपाशी वाकून वाकून आतली तार तुटते. पावसाळ्यात घाम आणि ओल एकत्र झाली की तांब्यावर हिरवट थर चढतो आणि दिवा लागेनासा होतो. पोरं म्हणतात मशीन बिघडलं. मी त्यांना क्रमानं तपासायला लावतो. आधी तलवारीचं टोक, मग बॉडी वायर, मग रील, शेवटी मशीन. एक साधा मल्टिमीटर हॉलमध्ये कायम असतो. आठवीतल्या पोरींनाही आता डाग देऊन प्लग जोडता येतो.

750 ग्रॅमचं तपासणीचं वजन उद्यमनगरातच लेथवर करून घेतलं. एका टोकाला तलवारीची चोच बसेल एवढं भोक. गुजरीतल्या एका सराफाच्या काट्यावर ते तोलून घेतलं. तलवार उभी धरून टोकावर वजन ठेवायचं आणि दाबायचं, दिवा लागतो. हात काढल्यावर स्प्रिंगनं वजन उचलून दिवा विझवला पाहिजे. विझला नाही तर स्प्रिंग बदलायची.

आमच्याकडं खेळायला धातूची पट्टी नाही, जिच्यावर टोक लागलं तर दिवा लागत नाही. 14 मीटरची पट्टी अंथरायची म्हणजे मशीनपेक्षा मोठा खर्च. त्यामुळं टोक जमिनीला लागलं तरी दिवा लागतो. तेवढा निकाल अजून मी देतो आणि पोरं तेवढ्यापुरतं माझ्याशी भांडतात.

हॉलमधल्या खेळायच्या दुसऱ्या जागेसाठी, क्लबातूनच इंजिनिअरिंगला गेलेल्या एका मुलानं आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावर ईपीचा डबा बनवून दिला. फक्त सरावासाठी, पण वेळ 45 मिलिसेकंदांवर बसवलेली. एखादा भाग गेला तर कोल्हापुरातच मिळतो.

सांगली-साताऱ्याकडून कधी विचारणा होते, कुठलं मशीन घेऊ? मी उलट विचारतो, शस्त्र कुठलं शिकवणार, पंच कितीजण आहेत आणि तुमच्या गावात ते उघडून दुरुस्त कोण करणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली की यादीत एखाददुसरंच मशीन उरतं. मग राहिलेल्या पैशांतून वायरी दुप्पट घ्या म्हणतो.