निंबाखालचा तापमापक

आमच्या जामनेरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे का? दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर सहज जातो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना होता. पाढे म्हणताना वर्गातला एक मुलगा सारखा डोकं टेकवत होता. "आळशीपणा पुरे!" मी ओरडले. थोड्या वेळात त्याला उलटी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं! आम्ही त्याला निंबाखाली नेलं, ओल्या फडक्यानं पुसलं अन् दवाखान्यात धावलो. तो बरा झाला. डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "बाई, तुमच्या पत्र्याच्या वर्गात तापमान किती असतं?" मला सांगता येईना. फार लाज वाटली.

मग मी वाचायला लागले. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अंगातलं पाणी कमी झालं, की हे काम मंदावतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. पुढे अभ्यासकांनी तापमान आणि मृत्यू यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० माणसं जास्त दगावली होती! नुसत्या अंदाजानं हे कुणाला कळलं असतं? २०१३ साली त्या शहरानं आराखडा केला : उन्हाच्या लाटेचा आधीच इशारा, जागोजागी पिण्याचं पाणी, दवाखान्यांची तयारी. २०१६ मध्ये आपल्या नागपूरनंही तसा आराखडा केला.

आम्हीही दोन तापमापक आणले. एक वर्गात टांगला, एक निंबाखाली. मुलं रोज ११ वाजता आकडे वहीत लिहायची. निंबाखाली पारा रोज कमीच असायचा. ती वही पालकसभेत ठेवली. कुणाला काही पटवावं लागलं नाही. पालकांनीच पत्र्यावर पांढरा चुना फासला, कारण पांढरा रंग ऊन परत फेकतो. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी पुन्हा फासतो. आता पाण्याची सुट्टीही तासातासाला होते.

तुमच्या गल्लीत सर्वांत जास्त कुठं तापतं? मोजा, लिहा, मोठ्यांना दाखवा. अन् हो, वर्गात कुणी डोकं टेकवलं, तर रागावण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून बघा. मी तो लावला नव्हता.