डोळ्यांचा पडदा

दिग्रसला आमच्या घरी सकाळ उजाडते ती मुलांच्या आवाजाने. फजरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील दहा-बारा मुलेमुली टोप्या, ओढण्या सावरीत ओसरीत येतात आणि अम्मीसमोर रेहल मांडून बसतात. गेली तीस वर्षे अम्मी मुलांना कुरआन वाचायला शिकवते. मोबदला घेत नाही. ज्यांना शिकवले त्यांची मुले आता येतात. सारे तिला आपाजान म्हणतात.

अम्मीला अकरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची, चहात साखर घालायची नाही आणि लग्नाच्या जेवणात 'जरासा' शाही टुकडा घ्यायचा, असा तिचा मधुमेह चालला होता. सहा-आठ महिन्यांतून एकदा उपाशीपोटी रक्त तपासायचे. आकडा थोडा जास्त आला की घरात चार दिवस पथ्य चालायचे. पाचव्या दिवशी सारे पूर्ववत.

एका सकाळी आम्ही शाळेची तयारी करीत होतो. ओसरीत अम्मी सूरह यासीन पढत होती. आवाज नेहमीसारखा स्वच्छ. तेवढ्यात एक नऊ वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "आपाजान, सफा तो दूसरा है." अम्मी थांबली. आम्ही बाहेर येऊन पाहिले. रेहलवर भलताच पारा उघडा होता. अम्मीचे बोट ओळींवरून फिरत होते, पण त्या ओळी यासीनच्या नव्हत्या.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. अम्मीला अक्षरे दिसेनाशी होऊन बरेच दिवस झाले होते. जवळजवळ सारे पाठ असल्यामुळे मुलांच्या चुका ती कानांनी पकडायची. उजळणीला बसताना सफा अंदाजाने उलटायची. आम्ही रागावलो, तर म्हणाली, "मुझे क्या हुआ है? उम्र हो गई अब. मोतिया होगा, पकेगा तो निकाल लेंगे."

राग खरे तर आमचा आमच्यावरच होता. वर्षभरापूर्वी धूसर दिसते म्हणाली तेव्हा आम्हीच तिला चष्म्याच्या दुकानात नेऊन नंबर बदलून आणला होता. कधी फरक पडला, कधी नाही. साखर वर-खाली झाली की डोळ्यातील भिंग फुगते आणि चष्म्याचा नंबरही काही काळ बदलतो, म्हणून साखर आटोक्यात आल्याशिवाय चष्मा करू नये, हे आम्हांला नंतर कळले. रात्री झोपताना ती सुरमा घालायची. त्याने डोळे थंड राहतात, असा तिचा विश्वास. सुरमा डोळ्याच्या बाहेर राहतो, बिघाड तर आत होता. शिवाय बाजारातील काही सुरम्यांत शिसे असते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी फळ्यावर डोळ्याची आकृती काढतो. पुढे करनिया, मग पुतली, मग अदसा म्हणजे भिंग आणि सर्वांत मागे शबकिया. मराठी पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात, दवाखान्यात डोळ्याचा पडदा. शबका म्हणजे जाळे, हे आम्ही मुलांना हौसेने सांगत असू. रेटिना या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील जाळेच आहे. पण ते जाळे अकरा वर्षांच्या साखरेने घरातच फाटत असेल, असे आमच्या मनातही आले नाही. आकृतीला दहापैकी दहा गुण देणारे आम्ही, घरच्या परीक्षेत नापास झालो.

नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. अर्ध्या तासाने बाहुल्या मोठ्या झाल्यावर आतला पडदा तपासला. मोतीबिंदू होता, पण थोडाच. खरा आजार पडद्यावर होता. डॉक्टरांनी आकृती काढून समजावले. पडद्याच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक असतात. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, रक्त आणि पाणी झिरपू लागते. पडद्याच्या मधोमध, जिथल्या नजरेने आपण वाचतो, तिथे सूज येते. काही वाहिन्या बंद पडतात. मग उपाशी पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यातच रक्तस्राव होतो. कधी पडदा ओढला जाऊन सुटतो.

आम्ही विचारले, "एवढे होईपर्यंत दुखले कसे नाही?" ते म्हणाले, "हा आजार दुखत नाही. सुरुवातीला नजरही कमी होत नाही. नजर कमी झाली म्हणून माणूस येतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो."

उपचार आहेत. लेसरने डोळ्यांचे गंभीर नुकसान निम्म्याहून कमी होते, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने 1976 सालीच दाखवले. सूज उतरवण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने देतात, रक्त साचले तर शस्त्रक्रिया करतात. पण लेसर उरलेली नजर राखतो, गेलेली बहुधा परत आणत नाही. अम्मीच्या डाव्या डोळ्याची नजर बरीच वाचली. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढेच कळते.

हे दुःख आमच्या एकट्याच्या घरचे नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींत दर आठांमागे सुमारे एकाच्या पडद्यावर हा आजार आढळला. आपल्या घरांत बायका स्वतःचा आजार सर्वांत शेवटी सांगतात. आधी मुलीची फी, मग नवऱ्याची औषधे, मग ईदचे कपडे. अम्मीने तेच केले, आणि तिचे न सांगणे आम्हांला सोयीचेच होते.

आता आमच्या घरी तीन गोष्टी ठरल्या आहेत. एक, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी. एका सकाळचा आकडा फसवतो. दोन, रक्तदाब आणि चरबी यांवरही लक्ष, कारण त्याच बारीक वाहिन्यांवर त्यांचाही मार पडतो. तीन, थेंब टाकून पडद्याची तपासणी. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात ती आजार कळताच करायची, पुढे साधारणपणे वर्षातून एकदा आणि बिघाड असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. मधुमेही बाईला दिवस गेले तर सुरुवातीलाच करायची. थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कोणी असावे. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा पडदा आल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. लांब वाटते, पण अंधार त्याहून लांबचा असतो.

वर्षातली कोणती तारीख लक्षात राहणार? अम्मीनेच तोड काढली. आपण जकातीचा हिशेब वर्षातून एकदा करतोच ना? तसाच हा डोळ्यांचा हिशेब, रजब महिन्यात. मधुमेहींनी रोजे ठेवण्याबद्दल डॉक्टरांचा सल्ला रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी घ्यावा लागतोच, त्याच फेरीत डोळेही होतात. रमजानात डोळ्यांचे औषध बंद करणारेही पुष्कळ आहेत. हनफी फिकहानुसार डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही. शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे, पण औषध आपल्या मनाने सोडू नये.

ओसरीतला वर्ग चालू आहे. अम्मीसाठी मोठ्या अक्षरांचा कुरआन आणला आहे. डाव्या डोळ्याने ती थोडे वाचते, मग थकते. तेव्हा ती नऊ वर्षांची मुलगी सफा उलटून देते आणि म्हणते, "यहाँ से, आपाजान."

शाळेत शबकियाची आकृती आली की आम्ही आता मुलांना एकच गृहपाठ देतो. घरी जाऊन विचारायचे, साखरेचा आजार कोणाला आहे आणि त्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्यांत उत्तर असते, "कभी नहीं." त्या वह्या आम्ही तपासून बाजूला ठेवत नाही. त्या घरी आम्ही स्वतः जातो.