देव आला दारी... घरी आहे का कुणी?

मार्च महिना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अप्रेझलचे फॉर्म, इयर-एंडिंग, टॅक्ससाठी शोधायच्या पावत्या आणि रात्री नऊ वाजता 'दोनच मिनिटं बोलायचंय' म्हणत फोन करणारा बॉस! आमच्या ऑफिसात मात्र मार्चमध्ये आणखी एक गोष्ट हमखास होते. आम्ही तीन-चार रत्नागिरीकर सुट्टीचे अर्ज टाकतो आणि टीम लीड कपाळाला हात लावतो. गणपतीची सुट्टी मागितली तर कुणी काही विचारत नाही. शिमग्याची मागितली की प्रश्न ठरलेला, "होळी तर एका दिवसाची असते ना? मग चार दिवस कशाला?"

तर हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलचक उत्तर.

होळी एक दिवस, शिमगा पंधरा दिवस

शहरात होळी म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी रचलेली चार लाकडं, पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी रंग. कोकणात हिशोब वेगळा. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फागपंचमीला शिमगा सुरू होतो. पोरं रोज संध्याकाळी छोटी होळी पेटवतात. मोठी होळी कुठे त्रयोदशीला, कुठे पौर्णिमेला. त्रयोदशीचे ते 'तेरसे शिमगे', पौर्णिमेचे ते 'भद्रेचे शिमगे'. शेजारशेजारच्या दोन गावांत दोन वेगळ्या तारखा असू शकतात, आणि दोन्ही गावांना आपलीच बरोबर वाटते!

होळीसाठी अख्खं झाड आणतात. कुठे आंब्याचं, कुठे पोफळीचं, कुठे सुरमाडाचं, जशी गावाची रीत. शे-दीडशे माणसं ते खांद्यावर घेतात आणि फाका मारत, म्हणजे बोंब ठोकत, वाजतगाजत आणून उभं करतात. या फाकांमध्ये ज्या शिव्या असतात, त्या इथे छापता येणार नाहीत. वर्षभर गावात मान खाली घालून वावरणारा माणूसही या दिवशी गळा मोकळा करून घेतो. कॉर्पोरेट भाषेत ज्याला 'व्हेंटिंग' म्हणतात ना, ते आमच्याकडे शेकडो वर्षं सार्वजनिक आहे आणि त्यासाठी एचआरची परवानगी लागत नाही.

भाताचं पीक केव्हाच घरात आलेलं असतं, पाऊस अजून तीन महिने लांब असतो. शेतकऱ्याला वर्षात निवांतपणा मिळतो तो साधारण याच दिवसांत. म्हणून सण पंधरा दिवस पुरतो. गोव्यातही हाच सण 'शिगमो' म्हणून तितक्याच दणक्यात साजरा होतो.

पण खरं सांगू? झाड, होम, फाका, धुळवड हे सगळं ट्रेलर आहे. पिक्चर सुरू होतो तो पालखीपासून.

देव बाहेर पडतो

वर्षभर आपण देवाकडे जातो. रांगेत उभे राहतो, पास काढतो, आता तर ऑनलाइन दर्शनही घेतो. शिमग्यात उलटं होतं. ग्रामदेवता देऊळ सोडून तुमच्याकडे येते. देवांचे चांदीचे मुखवटे, आमच्याकडे त्यांना 'रूपं' म्हणतात, पालखीत बसवतात आणि ढोल-ताशाच्या गजरात पालखी निघते. आधी ती सहाणेवर येते. सहाण म्हणजे शिमग्याच्या दिवसांत पालखी बसवण्याची गावाची ठरलेली जागा. तिथून वाडी-वाडी, घर-घर. काही गावांत हे फिरणं गुढीपाडव्यापर्यंत चालतं.

पालखी नुसती चालत नाही, नाचते. दोघं जण ती खांद्यावर, डोक्यावर घेतात आणि ढोलाच्या ठेक्यावर असे घुमवतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. कुणी जमिनीत नारळ पुरून ठेवतो आणि पालखीने तो शोधायचा असतो. याला 'खूण काढणं' म्हणतात. पालखी झुलत, घुटमळत फिरते, एका जागी वाकते, तिथे खणलं की नारळ निघतो. लॉजिक विचारू नका. निदान त्या क्षणी, तिथे उभं राहून तरी नकोच.

रात्री नमन-खेळे असतात. मृदंग, टाळ, गण, गवळण, आणि मग काळा झगा, लांब दाढी, उंच टोपी आणि कमरेला घुंगरं बांधलेला संकासुर! पुराणात वेद पळवणारा आणि मत्स्यावतारात विष्णूच्या हातून मारला गेलेला शंखासुर तो हाच. पण कोकणी माणसाने त्याला मारून टाकलं नाही, नाचायला लावलं. लहानपणी मी याला घाबरून काकूच्या पदरात लपायचे. आता त्याच्याबरोबर सेल्फी घेण्यासाठी रांग लागते.

एकतीस घरं, बारा कुलपं

२०२५ ची होळी १३ मार्चला, गुरुवारी होती. शुक्रवारी धुळवड, पुढे शनिवार-रविवार. असा लाँग वीकेंड कोण सोडेल? संगमेश्वरला गाडीतून उतरले, देवरुखमार्गे गावात पोचले. पालखी आमच्या वाडीत शनिवारी यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी मी सहज वाडीतून एक चक्कर मारली आणि घरं मोजली. एकतीस. त्यातल्या बारांना कुलूप. एकाच्या दारातच आंब्याचा पाला साठला होता, एकाच्या पडवीत कुणीतरी पेंढा रचून ठेवला होता.

आमचं घर उघडं आहे ते काका-काकूंमुळे. काका मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचेच. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना मूलबाळ नाही. माझे आई-बाबा डोंबिवलीत, बाबांचे गुडघे प्रवासाला नाही म्हणतात. भाऊ टोरोंटोत. राहिले मी.

अंगण सारवून झालं होतं. काकू नारळ सोलत होत्या. काकांनी विचारलं, "दादा येतोय का गो पुढच्या शिमग्याला?"

"नाही जमणार म्हणतो."

"मग आमच्यानंतर बंदच म्हणायचं हे घर." आवाजात तक्रार नव्हती. पावसाचा अंदाज सांगावा तसं ते बोलले.

"मी येते की दरवर्षी."

"तू येशील. पण उद्या लग्न झालं की तुझा देव वेगळा, तुझं गाव वेगळं."

आता यावर काय बोलायचं? २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे मला पाठ होतं. पण काका सातबाऱ्याबद्दल बोलतच नव्हते. ते दाराबद्दल बोलत होते. पालखी आल्यावर पुढे होऊन ती घरात कोण घेणार, गाऱ्हाणं कुणाच्या नावाने घालणार, याबद्दल.

मी म्हटलं, "लग्नाचं उद्या बघू. पण काका, दार उघडायला मुलगाच लागतो की किल्ली?"

काकू हसल्या. काका काहीच बोलले नाहीत. उठून कंदील बघायला गेले, ज्याची वीज आल्यापासून कुणालाच गरज पडलेली नाही.

होय महाराजा!

शनिवारी दुपारी ढोल ऐकू यायला लागला. आधी लांब, ओढ्यापलीकडे. मग जवळ. वाडीतल्या सगळ्या बायका एकदम घाईत आल्या. रांगोळीवर शेवटचा हात, पाटावर वस्त्र, ताटात हळद-कुंकू, खण, तांदूळ. अंगणात पालखी नाचली आणि मग पडवीत पाटावर टेकली. पालखी नाचवणारी पोरं घामाने निथळत होती. त्यातला एक पुण्यात आयटीत आहे, एक लोअर परळला बँकेत. एरवी लिफ्टमध्ये भेटले तर ओळखूही येणार नाहीत.

काकूंनी ओटी भरली. मग मला पुढे ढकललं, मीही भरली. मग गाऱ्हाणं. गावकर हात जोडून देवाला सगळं सांगतो, मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला "होय महाराजा" म्हणतात. गाऱ्हाण्यात काय मागतात? कुणाला नोकरी लागू दे, कुणाचं लग्न जमू दे, आजार बरा होऊ दे, परगावी असलेल्यांना सुखरूप ठेव. म्हणजे आपण रात्री झोप येत नाही तेव्हा ज्याची काळजी करतो तेच सगळं, फक्त इथे ते चारचौघांत मोठ्याने बोलतात आणि पन्नास माणसं त्याला होकार देतात. या सणाचा अर्थ मला विचाराल तर हा आहे. तुमची काळजी वर्षातून एकदा अख्ख्या गावाच्या कानावर जाते.

गावकराने काकांकडे पाहिलं. "कुणाच्या नावानं घालू?"

दरवर्षी काका स्वतःचं, मग बाबांचं, मग दादाचं नाव सांगतात. या वेळी त्यांनी आधी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. गावकर क्षणभर थांबला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तेच नाव खणखणीत आवाजात देवाला सांगितलं.

"होय महाराजा!"

पन्नास आवाज. मी खाली मान घालून पाटावरच्या तांदळांकडे बघत राहिले. काही वेळा डोळे वर न केलेलेच बरे.

आमच्या घरातून पालखी निघाली. शेजारचं घर बंद. तिथल्या मुलाने काकांच्या मोबाइलवर नारळाचे पैसे पाठवले होते आणि तो व्हिडिओ कॉलवर होता. काकांनी फोन पालखीसमोर धरला, त्याच्या नावाचा नारळ दिला. त्याने तिकडून हात जोडले. पालखी त्याच्या अंगणाशी न थांबता पुढे गेली. कॉल बंद केल्यावर काका म्हणाले, "देवाला रेंज लागत नाही. दार लागतं."

निघताना काकूंनी डब्यात पुरणपोळ्या दिल्या आणि वर एक किल्ली ठेवली. जुनी, जड, पितळी. "दुसरी आमच्याकडे आहे," एवढंच म्हणाल्या. पुढचं लग्न, पुढचं गाव, पुढचा देव याचं काय होईल मला माहीत नाही. चार दिवसांच्या सुट्टीचा अर्ज मात्र दरवर्षी पडणार. टीम लीडला सांगून ठेवलंय.

तुम्हाला जायचंय?

गाव नसलं तरी हरकत नाही, रत्नागिरी शहर गाठा. खालच्या आळीतल्या श्री देव भैरीची पालखी हा तिथला मोठा सोहळा. रेल्वेचं रिझर्व्हेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे कॅलेंडरवर होळीपासून दोन महिने मागे मोजा आणि सकाळी लॉग-इन करून बसा. मुंबईहून रत्नागिरीला जायला २०२३ पासून वंदे भारतही आहे. कोणत्या वाडीत पालखी कधी, हे नेटवर शोधू नका. एखाद्या कोकणी कलीगला विचारा. तो तारीख सांगेल आणि बहुतेक घरी जेवायलाही बोलावेल. पालखीसमोर फोटो काढायच्या आधी विचारा, चपला अंगणाबाहेर काढा, आणि गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर मोठ्याने "होय महाराजा" म्हणा. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याला बरं वाटतं.

आणि तुमचं स्वतःचं गाव असेल, तर निघण्याआधी एक फोन करा. तुमच्या घराची किल्ली सध्या कुणाकडे आहे ते विचारा.