सुपाची पाठ

चांगली कारागिरी कोणती आणि वाईट कोणती, याचा निवाडा आपण आपल्याच बुद्धीने करतो असे आपणास वाटत असले, तरी त्याची मापे बहुधा आपल्या जन्मापूर्वीच ठरून गेलेली असतात. आणि ती ठरविण्यात कारागिरांच्या पूर्वजांइतकाच, ज्यांनी त्यांचा माल जन्मभर वापरला त्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचाही वाटा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात वाढलेल्या मला ही गोष्ट बुरडाच्या सुपाने शिकविली.

आमची आजी बाजारात सूप घ्यावयास बसली म्हणजे त्याची दर्शनी बाजू ती शेवटी पाही. आधी ते पालथे घालून, पाठीची वीण बोटांनी चाचपून, कामटीला कुसळ राहिले आहे काय, काठ घट्ट आवळला आहे काय, तांदळाची कणी निसटेल अशी फट कोठे राहिली आहे काय, याची ती जमाबंदीच्या कारकुनाच्या काटेकोरपणाने तपासणी करी; मग ते हवेत झेलून पाही, आणि तोल मनगटास मानवला नाही तर मुकाट्याने परत ठेवी. बुरडीण यावर रागावत नसे. बांबू जून की कोवळा, हे आजीने विचारावे आणि तिने खरे सांगावे, असा त्या दोघींत अलिखित करारच होता.

या परीक्षेचे मूळ रानात होते. इकडच्या जंगलातील बांबू मुख्यत्वे मानवेल जातीचा. बेटातील यंदाच्या कोंभास आणि गतवर्षीच्या कोवळ्या वेळूस कोयता लावू नये, पावसाळ्यात कोंभ फुटत असता तोड करू नये, आणि कोवळ्यांना आधार राहावा म्हणून काही जून वेळू मुद्दाम उभे ठेवावेत, हे वृद्धांचे दंडक होत. वनखात्याच्या तोडीच्या नियमांतही याच आशयाची कलमे आढळतात. बांबूतील पिष्टद्रव्यावर घुणकिडा जगतो आणि म्हणून कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू लवकर पोखरला जातो, ही उपपत्ती शास्त्राने सांगितली. परंतु ती ठाऊक नसताही ज्यांच्या बांबूच्या ढोलीत वर्षाचे धान राहावयाचे होते त्यांना तिचे फलित पक्के ठाऊक होते. विणकामाचा आरंभ विणण्याच्या कितीतरी आधी, काय तोडू नये या विवेकाने होतो, हा त्यांचा खरा वारसा.

हा विवेक चालावयास रानावर अधिकारही लागतो. १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती, त्यामुळे वेळूला परवाना आणि परवान्याला कचेरी चिकटली. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबूच्या राशी जात असता बुरडाला मात्र आपल्या निस्ताराच्या, म्हणजे रानावरील पारंपरिक हक्काच्या, हिश्शासाठी वाट पाहावी लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क व २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. काय तोडावे आणि काय राखावे, याचा विचार पुन्हा गावाच्या बैठकीत होऊ लागला.

शिकविणाऱ्यांचीही आज अगदीच वाण नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे प्रशिक्षण केंद्र उभे आहे. वाण आहे ती परीक्षकांची. धान प्लास्टिकच्या पोत्यांत गेले, ढोली अडगळीत गेली, आणि बांबूची वस्तू दिवाणखान्याची शोभा झाली. शोभेच्या वस्तूची पाठ कोण पाहतो? आणि जी बाजू कोणी पाहतच नाही, तिच्यावर श्रम वेचण्याची अपेक्षा पोटासाठी राबणाऱ्या माणसाकडून करावी, हा न्याय नव्हे.

तथापि वडिलांचे सारेच शिरोधार्य मानावे असेही नाही. ज्या पिढीने एवढ्या बारकाईने सूप पारखले, तिने त्याचा मोबदला अनेकदा पायली-दोन पायली धानात भागविला, आणि त्या विणणाऱ्या हातांना आपल्या पंगतीत मात्र बसविले नाही. वडिलांची नजर घ्यावी, त्यांची घासाघीस त्यांच्यापाशीच राहू द्यावी. म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की यापुढे बुरडाच्या दुकानी सूप किंवा टोपली घ्याल तेव्हा ती आधी पालथी घालून पाहा, बांबू कोणत्या रानाचा व किती जून ते विचारा, आणि उत्तर व वीण दोन्ही मनास पटली तर तो सांगेल ती किंमत बिनतक्रार त्याच्या हातावर ठेवा.