जनुक आहे, पण मात्रा कमी

केळीच्या मर रोगाची बातमी आपल्याकडे शेतीच्या पानावर येते आणि तिथेच राहते. माझे क्षेत्र भौतिकशास्त्र; तरीही ही बातमी मला सोडवत नाही, कारण तिच्या मुळाशी मोजमापाचा प्रश्न आहे.

फ्युझेरियम ही बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि झाडाच्या जलवाहिन्या बंद पाडते. पाने कडेपासून पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबू लागतात. तिचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत दशकानुदशके तग धरतात, म्हणून औषध फवारून शेत स्वच्छ होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या ‘रेस १’ या प्रकाराने लॅटिन अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’च्या बागा संपवल्या. त्यांची जागा प्रतिकारक्षम ‘कॅव्हेंडिश’ने घेतली, जळगावची ग्रँड नैन याच गटातली. मात्र ‘ट्रॉपिकल रेस ४’ कॅव्हेंडिशलाही मारते आणि ती बिहार व उत्तर प्रदेशात येऊन पोहोचली आहे. तेव्हा ‘रोगप्रतिकारक’ हे विशेषण एकट्या झाडाला लावता येत नाही. कोणत्या बुरशीविरुद्ध, हेही सांगावे लागते.

कॅव्हेंडिशमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात. तिला बी धरत नाही; वाढ मुनव्यांतून किंवा ऊतीसंवर्धित रोपांतून. संकराची वाट जवळजवळ बंद, आणि सारी बाग जनुकीयदृष्ट्या एकच झाड!

ऑस्ट्रेलियातील जेम्स डेल यांच्या गटाने आग्नेय आशियातील एका रानकेळीचे ‘आरजीए२’ हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. 2017 मध्ये त्यांनी बाधित शेतातील तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या रोपांपैकी दोन तृतीयांश ते सर्वच रोपे रोगग्रस्त झाली वा मेली. हे जनुक घातलेला एक वाण मात्र पूर्ण निरोगी राहिला. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यातून आलेल्या ‘क्यूकॅव्ह-४’ला लागवडीची मान्यता दिली.

मला खरे गुंतवून ठेवते ती त्याच शोधनिबंधातली दुसरी नोंद. या जनुकाची भावंडे साध्या कॅव्हेंडिशमध्येही आहेत. फक्त त्यांची अभिव्यक्ती त्या सर्वांत प्रतिकारक्षम वाणाच्या सुमारे एक दशांश आहे. जनुक आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते किती बोलते, हे मोजावे लागते. मग बाहेरून काही न आणता, जनुकसंपादनाने आतलेच जनुक चढ्या आवाजात बोलते करता येईल का? भारताने 2022 मध्ये काही प्रकारच्या जनुकसंपादित वनस्पतींना जैवसुरक्षेच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि 2025 मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. केळीसाठी ही वाट आज कालपेक्षा मोकळी आहे.

तरी एका जनुकावर सारा भार टाकणे मला धोक्याचे वाटते. बुरशीही बदलते, रेस १ नंतर काय झाले ते आपण पाहिलेच. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या मातीत तीन वर्षांत मिळालेले उत्तर कोसीकाठच्या, दरवर्षी पुराचे पाणी पिणाऱ्या मातीत नव्याने तपासावे लागेल. तोवर कटिहारच्या बाधित बागेतला मुनवा दुसऱ्या शेतात जाऊ न देणे, हाच शेतकऱ्याच्या हातातला इलाज आहे.