पेन्सिल उचलण्याआधी

‘फोटो पाठवलाय. किती घ्याल?’ व्यक्तिचित्रांची बहुतेक कामं अशा एका ओळीने सुरू होतात. मी लगेच आकडा सांगत नाही. चेहरे किती, फोटो कोणत्या काळातला, चित्र कुठल्या भिंतीवर लागणार, कधी हवं आणि शेवटी पसंती देणारं माणूस कोण, हे आधी विचारते. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ऑर्डर सून देते, पैसे मुलगा देतो आणि सासूबाई चित्रापुढे उभ्या राहून ‘हे असे दिसत नव्हते’ म्हणतात. त्यांचं बरोबरच असतं. पन्नास वर्षं तो चेहरा त्यांनी पाहिलेला असतो. म्हणून कच्चं स्केच पहिल्यांदा त्यांनाच दाखवायचं.

मी होसकोट्यात राहते. बेंगळुरूच्या पूर्वेला, कोलारच्या रस्त्यावर. शहरातल्या व्हाइटफील्डच्या मानाने इथे भाडं परवडतं, मोठे कॅनव्हास उभे करायला जागा मिळते. हा मुलूख एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता, त्यामुळे बेंगळुरूतल्या एखाद्या मराठी घरातून शहाजीराजांच्या चित्राची मागणी आली की मला मनापासून आनंद होतो. ‘ताई, आपल्या माणसांचं काम आहे’ असंही सोबत येतं. त्या आपुलकीचा मान मी राखते, तारीख अलीकडे आणून देते. दर मात्र सगळ्यांना एकच.

नव्याने कामं घेणारी मुलं चौरस इंचाचा हिशेब धरतात. १२ बाय १६ म्हणजे १९२ चौरस इंच, २४ बाय ३६ म्हणजे ८६४. या हिशेबाने मोठं चित्र साडेचारपट महाग होतं आणि गिऱ्हाईक तिथेच बिचकतं. मेहनत तेवढ्या पटीने वाढत नाही, पार्श्वभूमी रुंद ब्रशने भराभर भरते. लांबी आणि रुंदीची नुसती बेरीज केली तर २८ आणि ६०, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. हातातल्या श्रमाशी हे अधिक जुळतं. त्यावर प्रत्येक चेहऱ्याचे वेगळे पैसे, कारण साम्य साधण्यातच खरे तास जातात. कॅडमियम आणि कोबाल्टचे अस्सल रंग विद्यार्थी वापरतात त्या रंगांच्या कित्येक पट महाग असतात. ते, कॅनव्हास, चौकट, टेम्पोचं भाडं हे सगळं मी स्वतंत्र ओळीत लिहिते. पावसाळ्यात तैलरंगाचे थर वाळायला वेळ लागतो, तेव्हा मुदतही जास्त मागून घेते.

पण माणूस खरा दमतो तो करेक्शनमध्ये. ‘जरा हसरं करा’ हे स्केचमध्ये पाच मिनिटांचं काम आहे; रंगाचे तीन थर चढल्यावर तोच चेहरा खरवडून पुन्हा उभा करावा लागतो. म्हणून स्केचवर दोन वेळा बदल दरात धरलेले, रंग लागल्यावर प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे. निम्मी रक्कम आधी, पाव रक्कम पहिला थर दाखवल्यावर, उरलेली चित्र घराबाहेर पडण्याआधी. गिऱ्हाइकाने मधेच काम थांबवलं तर तोवरचे पैसे परत नाहीत.

हे अविश्वासाचं वाटतं, असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. पण असं लिहून घेणं काही नवं नाही. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने १४८५ साली गिर्लांदाइओ या चित्रकाराशी केलेला करार आजही वाचायला मिळतो. एकूण ११५ फ्लोरिन, दरमहा ३ फ्लोरिन, मुदत ३० महिने, चित्र स्वतःच्या हाताने रंगवायचं, आणि निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचा. रंगाची प्रतसुद्धा लिहून घेतली होती! चित्र आजही त्या संस्थेत आहे. आपल्याकडे राजा रविवर्म्याला सयाजीरावांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रं सांगितली, मोबदला ५० हजार रुपये. ती रंगवण्याआधी रविवर्मा धाकट्या भावाला घेऊन पेहराव बघत उत्तरेत हिंडला होता. असा अभ्यास हा चित्राचाच भाग असतो आणि त्याची किंमत दरात यायलाच हवी.

आता एक गोष्ट, जी आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कोणी मोबदला देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला स्वामित्वहक्क काढून घेणाऱ्याचा. ओळखीतल्या एका चित्रकाराने एका कंपनीला स्वागतकक्षासाठी चित्र दिलं. पुढच्या वर्षी ते कंपनीच्या डायरीवर छापून आलं. कागद केलेला नव्हता, बोलायला जागाच उरली नाही. मी दरपत्रकातच लिहिते: स्वामित्वहक्क चित्रकाराकडे, छपाईसाठी वेगळे पैसे. छपाईचा हक्क लिहून देताना मुदतही घालावी, नाहीतर कायदा ती पाच वर्षं धरतो. कलम ५७ मात्र हक्क विकल्यावरही चित्रकाराच्या बाजूने उभं राहतं. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनेच करून घेतलेलं. १९७९ साली ते उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई.

रविवारी पहाटे आमच्या हायवेवर बिर्याणीसाठी रांगा लागतात. लोक बेंगळुरूहून अंधारात निघून येतात आणि ठरलेल्या भावावर कोणी हुज्जत घालत नाही, कारण भाव आधीच ठाऊक असतो. चित्राचंही तसंच व्हावं असं मला वाटतं. पैशाचं बोलणं आधी संपलं की पुढचे दोन महिने मी फक्त त्या चेहऱ्याचा विचार करते.

ज्यांचं घर दुसऱ्या नोकरीवर चालतं, त्यांनी हौस म्हणून निम्म्या दरात ऑर्डरी घेऊ नयेत. त्याने याच कामावर जगणाऱ्यांचा दर पडतो. आणि चित्र काढून घेणाऱ्यांना विनंती: आकडा जास्त वाटला तर आकार लहान करा, चेहरे कमी करा, तैलरंगाऐवजी पेन्सिलमध्ये काढून घ्या. तेच चित्र कमी पैशांत मागू नका.