पायाखालची नावं

नाँतमध्ये नदी शोधावी लागते. फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, ल्वार, या शहरातून वाहत पुढे साधारण पन्नास किलोमीटरवर अटलांटिकला मिळते. पण जुन्या पेठेत उभं राहिलं तर पाणी कुठे नजरेला पडत नाही. दिसतात रुंद रस्ते, ट्रामचे रूळ आणि हिरवळीचे पट्टे. हे सगळं एकेकाळचं नदीपात्र. १९२६ पासून पुढची वीस वर्षं ल्वारचे शहरातले फाटे भराव टाकून बुजवले गेले आणि एर्द्र ही उपनदी बोगद्यात घातली गेली. फेदो बेट नावापुरतं बेट उरलं. लोक तिथे कोरड्या पायांनी जातात. जूल व्हर्न १८२८ साली जन्मला तो याच बेटावर. तिथल्या अठराव्या शतकातल्या फिकट दगडी हवेल्या रेतीवर, लाकडी पायावर बांधलेल्या. त्यामुळे काही चांगल्याच कलल्या आहेत आणि शेजारशेजारच्या सज्जांची ओळ जुळत नाही. खिडक्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेले मुखवटे आहेत. त्यात दाढीवाले समुद्रदेव आहेत, तसे शहरात काही ठिकाणी आफ्रिकी चेहरेही आहेत. या शहराचा मला आलेला अनुभव त्या मुखवट्यांपाशी येऊन थांबतो. इथलं सौंदर्य खरं आहे, आणि ते कुठून आलं हा प्रश्नही तितकाच खरा आहे. माझं म्हणणं असं की, अशा वेळी शहरानं वास्तू पाडायचीही नाही आणि गप्पही बसायचं नाही. जिथे वैभव दिसतं तिथेच, त्याच्या पायाशी, त्याचा जमाखर्च लिहून ठेवायचा. नाँतनं हे उशिरा केलं, अपुरं केलं; पण केलं.

जमाखर्च असा आहे. अठराव्या शतकात नाँत हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं पहिलं बंदर होतं. फ्रान्समधून निघालेल्या अशा मोहिमांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या इथून निघाल्या. त्यांची संख्या सतराशेच्या वर जाते आणि त्यांनी नेलेल्या माणसांची काही लाखांत. जहाज माल भरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाई, तिथे मालाच्या बदल्यात माणसं घेई, कॅरिबियन बेटांवर ती विकी आणि साखर, कॉफी, नीळ घेऊन परते. आफ्रिकेला जाणाऱ्या या मालात कापडाचा वाटा मोठा होता, आणि त्या कापडाला फ्रेंचमध्ये नाव होतं ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी. आपण ज्याला छीट म्हणतो तेच हे सुती, ठशांनी रंगवलेलं कापड. फ्रान्सनं आपल्या विणकरांच्या संरक्षणासाठी १६८६ मध्ये अशा कापडावर बंदी घातली होती. ती १७५९ मध्ये उठली आणि नाँतमध्ये छिटाचे कारखाने निघाले. त्यांतला बराच माल आफ्रिकेसाठीच होता. हिंदुस्थानातून येणारं अस्सल कापडही त्याच वाटेनं जात होतं. ते रंगवणाऱ्या कारागिराला आपला तागा कुठे आणि कशाच्या बदल्यात उलगडला जाणार, हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला दोषी धरता येणार नाही. पण ही गोष्ट आपल्यापासून दूरची, असंही मग म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप जुना आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. हा धंदा मूठभर घराण्यांचा होता; सगळ्या शहराच्या माथी तो का मारायचा? मालकी मूठभरांची होती हे खरं. पण जहाज एकटा मालक सोडत नाही. त्याला सुतार लागतो, दोर वळणारा लागतो, पिंपं करणारा, शिडं शिवणारा, खलाशांसाठी कडक पाव भाजणारा लागतो. भांडवलही अनेकांचं असे. लहान गुंतवणूकदार हिस्सा घेत, कारण जोखीम वाटली जाई. परत आलेली कच्ची साखर शुद्ध करण्याचे कारखाने शहरात होते. या सगळ्यांचा अपराध सारखा नव्हता, आणि सगळं शहर दोषी असं म्हणणंही सोपी पळवाटच. सगळेच गुन्हेगार ठरले की नेमका हिशेब कुणाकडे मागायचा हे कळेनासं होतं. पण लाभ पसरला होता, हे सांगायला दोषारोपाची गरज नाही. एवढं सांगितलं तरी ‘मूठभरांचा धंदा’ हा युक्तिवाद लंगडा पडतो.

मौन मोडायला शहराला किती वेळ लागला, हेही या हिशेबातच येतं. वसाहतींतल्या गुलामांसाठी चौदाव्या लुईनं १६८५ मध्ये काढलेल्या ‘काळ्या संहिते’ला १९८५ मध्ये तीनशे वर्षं झाली. त्या निमित्तानं इथे कार्यक्रम ठरले, तेव्हा त्या वेळच्या नगरपालिकेनं पाठिंबा नाकारला. पुढे सत्ता बदलली आणि १९९२ मध्ये ब्रेतान्यच्या सरदारांच्या किल्ल्यात या व्यापारावर मोठं प्रदर्शन भरलं. १९९८ मध्ये गुलामगिरीच्या निर्मूलनाला दीडशे वर्षं झाली म्हणून नदीकाठी एक पुतळा बसवला. काही दिवसांतच तो कुणीतरी फोडला. ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. विसरलेल्या गोष्टीवर रात्री हातोडा घेऊन कुणी जात नाही. त्यानंतर कायमचं स्मारक उभारायचं ठरलं आणि २०१२ मध्ये ते खुलं झालं.

ते जिथे आहे त्या ‘के द ला फोस’ या धक्क्यावरूनच जहाजं सुटत. वर नदीकाठचा मोकळा फरसबंद पट्टा आहे आणि त्यात काचेच्या दोन हजार लहान फरश्या बसवल्या आहेत. १,७१० फरश्यांवर नाँतहून निघालेल्या मोहिमांच्या जहाजांची नावं आणि तारखा आहेत. उरलेल्या २९० फरश्यांवर आफ्रिका, कॅरिबियन आणि हिंदी महासागर या भागांतली बंदरं आणि विक्रीची ठिकाणं. खाली उतरलं की धक्क्याच्या पोटातून जाणारी लांब वाट लागते. एका बाजूला काचेवर लिहिलेले उतारे, दुसऱ्या बाजूला फटींतून दिसणारी ल्वार. इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ही नावं जहाजांची आहेत, माणसांची नाहीत. मारणाऱ्याच्या हत्याराचं नाव कोरायचं आणि मेलेल्याचं नाही, हा कुठला न्याय? पण याचं उत्तर कागदपत्रांतच आहे. जहाजाची नोंद होई, मालकाची होई, कप्तानाची होई. माणसांचा बहुधा आकडा लिहिला जाई. ‘मारी-सेराफिक’ या नाँतच्या जहाजाची जलरंगातली चित्रं किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. जहाजाचं नाव मेरीचं आणि देवदूतांचं. आणि एका चित्रात तळमजल्यावर शेजारी शेजारी खेटून निजवलेली माणसं, मुंग्यांच्या रांगेइतकी बारीक. दुसऱ्या चित्रात कॅरिबियन बंदरात विक्रीचा दिवस आहे: डेकच्या एका भागात विकायची माणसं, मध्ये आडवी भिंत आणि पलीकडे नटूनथटून आलेले गोरे पाहुणे खाण्यापिण्यात रमलेले. त्या माणसांना काल्पनिक नावं देणं ही दुसरी फसवणूक झाली असती. फरशीवर फक्त जहाजाचं नाव असणं ही उणीव आहे खरी, पण ती मूळ चोपडीतली उणीव आहे, आणि ती तशीच दाखवणं प्रामाणिकपणाचं आहे.

तिसरा आक्षेप रस्त्यांच्या नावांचा. गुलामांच्या व्यापारात कमावलेल्यांची नावं काही रस्त्यांवर अजून आहेत. ती बदलून का टाकली नाहीत? संताप मला समजतो. तरीही नाव पुसलं की रस्ता निर्दोष होतो आणि त्याच्या कडेची हवेली बिनापत्त्याची उरते. शहरानं नदीच्या बाबतीत हेच करून पाहिलं होतं. पाणी बुजवलं, आणि त्याबरोबर ही घरं पाण्याकडे तोंड करून का उभी आहेत याचं कारणही दृष्टीआड झालं. नाव ठेवावं, पण त्याच्याखाली तो माणूस कोण होता, त्यानं काय केलं, हे दोन ओळींत लिहावं. मात्र त्या दोन ओळी नसतील तर नाव ठेवणं हा निव्वळ गौरव ठरतो, आणि मग बदलण्याची मागणी रास्त आहे.

राहिला पर्यटनाचा संशय. १९८७ मध्ये इथला मोठा जहाजबांधणी कारखाना बंद पडला. त्याच जागेवर आज लाकूड-पोलादाचा बारा मीटर उंच यांत्रिक हत्ती लोकांना पाठीवर घेऊन फिरतो. हत्ती आणि स्मारक एकाच सहलीत उरकता येतात, आणि अपराधही मग प्रेक्षणीय स्थळ बनतो, असं कुणी म्हणेल. ही भीती खरी आहे. पण त्या काचेच्या फरश्यांना तिकीट नाही, कुंपण नाही, उंचीही नाही. त्यांवरून शाळेची मुलं जातात, सायकली जातात, कुत्री फिरवणारे जातात. बहुतेक जण वाचत नाहीत. वाचायला मान खाली घालावी लागते, आणि खाली पाहिलं की नाव सापडतं. नाँतपर्यंत समुद्राची भरती येते. धक्क्याच्या पोटातल्या त्या वाटेवरून पाणी चढताना दिसतं आणि ओहोटीला समुद्राकडे निघालेलंही दिसतं. बुजवलेल्या फाट्यांच्या शहरात नदी तिच्या कामासह पाहायची तर हीच जागा आहे.